धातूच्या रोपणावरचा सिरॅमिक लेप नेमका कुठून सुटतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कृत्रिम खुबा, गुडघा किंवा दातांच्या रोपणांविषयी बातमी आली की तिच्यात 'सिरॅमिक कोटेड' हे शब्द हमखास असतात. लेप आहे म्हणजे रोपण चांगले, लेप जाड म्हणजे त्याहून चांगले, आणि नावात 'नॅनो' असेल तर विचारायलाच नको, असा समज त्यातून पसरतो. लेपांच्या निर्मितीत आणि तपासणीत काम करणाऱ्यांना तो खटकतो. लेप कशाचा आहे याच्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो धातूला कसा धरून आहे आणि शरीरातल्या ओलाव्यात किती काळ धरून राहील हे महत्त्वाचे असते. लेप सुधारायचा तर तिथेच हात घालावा लागतो आणि ते काम बहुतेक वेळा अगदी रुक्ष असते: ब्लास्टिंग (धातूवर खड्याचा मारा), पावडर, थंड होण्याचा वेग, भट्टी. बातम्यांत यातले काहीच येत नाही, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

आधी एक गल्लत दूर करायला हवी. 'सिरॅमिक लेप' या एका नावाखाली दोन परस्परविरोधी कामे येतात. खुब्याच्या दांड्यावर, म्हणजे मांडीच्या हाडात बसणाऱ्या भागावर, असतो तो हायड्रॉक्सिअॅपेटाइटचा लेप. हे कॅल्शियम फॉस्फेट हाडातल्या खनिजाच्या जवळचे असते आणि त्यावर हाड थेट वाढते. हा लेप शरीरात हळूहळू विरघळणे अपेक्षितच आहे. दुसरा प्रकार सांध्याच्या घासणाऱ्या पृष्ठभागावरचा, उदाहरणार्थ टायटॅनियम नायट्राइड. त्यातला कणही निघता कामा नये. एकाचे निकष दुसऱ्याला लावून चालत नाही, पण जाहिरातींत दोन्ही एकाच दमात येतात.

हायड्रॉक्सिअॅपेटाइटचा इतिहास आता चार दशकांचा आहे. लंडनमध्ये रोनाल्ड फर्लाँग यांनी १९८५ मध्ये असा लेप दिलेला खुबा बसवला. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समध्ये रुडॉल्फ गीसिंक यांनी तेच केले आणि फ्रान्समध्ये कोरेल नावाचा दांडा आला. कोरेलवरचा लेप सुमारे १५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बाजारातल्या इतर अनेक दांड्यांवरचा ५० ते ८० मायक्रॉनचा. दोन्ही गटांतले दांडे वर्षानुवर्षे टिकले आहेत. जाडी हा एकमेव निकष असता तर असे झाले नसते. उलट त्याच सुमारास गुळगुळीत धातूच्या वाटीवर थेट लेप देऊन बसवलेल्या खुब्याच्या वाट्या पुढे मोठ्या प्रमाणावर सैल झाल्या. कारण साधे होते. लेप विरघळल्यावर हाडाला पकडायला खाली काहीच उरले नाही. लेपाने हाडाला धातूपर्यंत आणून सोडायचे असते. तिथून पुढची पकड धातूच्या खडबडीत किंवा सच्छिद्र पृष्ठभागाचीच. हे एकदा लक्षात आले की 'कधीही न विरघळणारा लेप' या जाहिरातीचे कौतुक वाटेनासे होते.

आता लेप बसतो कसा ते पाहू. सर्वांत रुळलेली पद्धत प्लाझ्मा स्प्रेची. पावडरीचा एक कण घ्या, समजा ५० मायक्रॉनचा. फवारणाऱ्या गनमध्ये आरगॉन आणि थोड्या हायड्रोजनमधून विद्युत्-चाप पेटवलेला असतो. ज्वाळेच्या गाभ्यात तापमान १०,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. कण तिथे सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाच काळ असतो. तेवढ्यात त्याचे बाहेरचे कवच वितळते, गाभा बहुधा घनच राहतो, आणि सेकंदाला काहीशे मीटरच्या वेगाने तो धातूवर आपटून भिंतीवर मारलेल्या चिखलाच्या गोळ्यासारखा पसरतो. वितळलेला भाग सेकंदाला लाखो अंशांच्या वेगाने थंड होतो. स्फटिक बनायला सवडच मिळत नाही, म्हणून तो अस्फटिक राहतो. न वितळलेला गाभा मात्र मूळचा स्फटिक. असे लक्षावधी चपटे कण एकावर एक साचून लेप बनतो. म्हणजे एकाच लेपात लवकर विरघळणारा आणि सावकाश विरघळणारा असे दोन्ही भाग शेजारीशेजारी असतात. त्यातच धातूला अगदी लागून असलेला पहिला थर सर्वांत वेगाने थंड होतो, म्हणून तो सर्वांत जास्त अस्फटिक आणि सर्वांत लवकर विरघळणारा. लेपाचा सगळ्यात कच्चा भाग नेमका जोडाच्या ठिकाणी येतो, ही या पद्धतीची मुळातलीच अडचण आहे.

दुसरी अडचण रासायनिक. हायड्रॉक्सिअॅपेटाइट तापले की आधी त्यातला हायड्रॉक्सिल गट पाणी होऊन निघून जातो. आणखी तापले की ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आणि टेट्राकॅल्शियम फॉस्फेट तयार होतात आणि फारच तापले तर फॉस्फरस उडून जाऊन कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे चुना, मागे राहतो. चुन्याला पाणी लागले की त्याचे आकारमान जवळपास दुप्पट होते आणि आजूबाजूचा लेप फुटतो. शिवाय तो आसपासच्या पेशींना क्षारतेचा त्रास देतो तो वेगळाच. मूळ पावडरीत कॅल्शियम आणि फॉस्फरस अणूंचे गुणोत्तर १.६७ असते. लेपात ते १.७६ च्या वर गेले तर ज्वाळेत फॉस्फरस गेला असे समजावे.

म्हणून सुधारणेची सुरुवात गनच्या महागड्या मॉडेलपासून होत नाही. ती पावडरीच्या चाळणीपासून होते. २० ते १२५ मायक्रॉन अशी सैल प्रतवारी वापरली तर बारीक कण ज्वाळेत जळून विघटित होतात आणि जाडे कण न वितळताच उसळून बाजूला पडतात, किंवा लेपात दगडासारखे अडकतात. प्रतवारी जितकी अरुंद तितका लेप एकसारखा. कण गोल आणि भट्टीत पक्के केलेले हवेत. टोकदार, कुटून केलेली पावडर फीडरमधून धक्क्याधक्क्याने येते आणि लेपावर पट्टे उमटतात. पावडर दमट असली तर नळी तुंबते, म्हणून वापरण्याआधी ती ओव्हनमध्ये वाळवून घेणे हा नियम हवा, मर्जीचा प्रश्न नको. पावडरीच्या शुद्धतेत तडजोड नाही: हायड्रॉक्सिअॅपेटाइट किमान ९५ टक्के. अशुद्धींच्या मर्यादा दहा लाख भागांमागे आर्सेनिक ३, कॅडमियम ५, पारा ५, शिसे ३० आणि सर्व जड धातू मिळून ५० अशा ठरलेल्या आहेत.

गनची एक खोड इथेच सांगायला हवी. तिचे इलेक्ट्रोड हळूहळू झिजतात, त्यामुळे चापाचा व्होल्टेज उतरत जातो आणि विद्युत्-प्रवाह तोच ठेवला तरी शक्ती कमी होते. सकाळच्या आणि संध्याकाळच्या जॉबमध्ये, म्हणजे लेप दिलेल्या भागांमध्ये, डोळ्यांना फरक दिसत नाही, पण संध्याकाळच्या लेपात न वितळलेले कण वाढलेले असतात. व्होल्टेजची नोंद दर जॉबला ठेवणे आणि ठरलेल्या घसरणीला इलेक्ट्रोड बदलणे, एवढ्या साध्या शिस्तीने बॅचगणिक होणारा फरक बराच आटोक्यात येतो.

धातूची तयारी हा तर सर्वांत दुर्लक्षिलेला भाग. हायड्रॉक्सिअॅपेटाइट आणि टायटॅनियम यांच्यात रासायनिक बंध फारसा होत नाही. लेप मुख्यतः खाचाखळग्यांत अडकून उभा असतो. खळगे करायला अॅल्युमिनाच्या (अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) खड्याने ब्लास्टिंग करतात आणि सरासरी खडबडीतपणा काही मायक्रॉनपर्यंत नेतात. इथे तीन गोष्टी चुकतात. खडा पुन्हापुन्हा वापरून त्याच्या कडा बोथट होतात. मग पृष्ठभाग नुसता दबतो, कापला जात नाही, आणि मोजणी-यंत्रावर आकडा बरा दिसूनही पकड येत नाही. नोझल अगदी काटकोनात धरले तर खड्याचे तुकडे टायटॅनियममध्ये रुतून बसतात. कोन थोडा तिरका ठेवला तर रुतणे कमी होते. रुतलेला अॅल्युमिना पुढे लेपाखालून सुटला तर सांध्यात जाऊन घासणारा तिसरा पदार्थ बनतो. यावर चांगला उपाय उपलब्ध आहे: कॅल्शियम फॉस्फेटचाच खडा वापरायचा आणि राहिलेले कण सौम्य आम्लात विरघळवून धुऊन टाकायचे. या खड्याने खडबडीतपणा थोडा कमी येतो, पण पृष्ठभाग स्वच्छ राहतो. तिसरी चूक वेळेची. ब्लास्टिंग करून, अल्ट्रासॉनिक टाकीत धुऊन, वाळवलेला जॉब त्याच पाळीत गनखाली जायला हवा. रात्रभर उघडा राहिला, कोणी उघड्या हाताने उचलला, की तेलकट बोटाच्या जागी लेप हमखास सुटतो.

मास्किंग, म्हणजे लेप नको ते भाग झाकणे, तेही तितकेच काटेकोर लागते. दांड्याच्या वरच्या निमुळत्या टोकावर, जिथे गोळा बसतो त्या टेपरवर, लेपाची धूळसुद्धा बसता कामा नये. बसली तर जोड नीट बसत नाही, सूक्ष्म हालचाल होते आणि धातू झिजू लागतो. स्क्रूची भोके, आटे यांना टोप्या लागतात. धारदार कडांवर लेप टिकत नाही, म्हणून कडा गोल करणे हे लेप देणाऱ्याच्या नव्हे, डिझाइन करणाऱ्याच्या टेबलावरच ठरायला हवे. फवारा ४५ अंशांपेक्षा तिरका पडला तर लेप भुसभुशीत होतो. दातांच्या रोपणाच्या आट्यांत हेच होते: शिखरावर जाड, तळाशी सावलीत विरळ. अशा आकारांना प्लाझ्मा स्प्रे मुळातच सोयीचा नाही.

आता तणावाचा हिशोब. टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूत ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. त्याचा उष्णताप्रसरण गुणांक दर अंशाला सुमारे दहा लाखांत ९. हायड्रॉक्सिअॅपेटाइटचा सुमारे १३. थंड होताना लेपाला धातूपेक्षा जास्त आकसायचे असते आणि धातू त्याला आकसू देत नाही, म्हणून लेप ताणात राहतो. सिरॅमिक दाब सोसते, ताण सोसत नाही. फवारलेल्या लेपाची प्रत्यास्थता, म्हणजे ताठरता, २५ गिगापास्कल आणि तापमानातला फरक ४०० अंश धरला तर ताण येतो ४० मेगापास्कल. दोन्ही दिशांचा विचार केला तर ५५ च्या आसपास. लेप स्वतः बारीक भेगाळून यातला काही ताण सोडतो, पण उरलेला जोडावरच येतो. जाडी वाढली की लेपात साठलेली ही ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते आणि तो कडेने उलण्याची शक्यताही. दुसऱ्या टोकाला, अगदी पातळ लेप हाड येऊन भिडण्याआधीच विरघळून जाऊ शकतो. ५० ते ८० मायक्रॉनचा पट्टा या दोन भीतींच्या मधला आहे. जाड लेप यशस्वी होऊ शकतो, पण तो दांड्याच्या आकारामुळे आणि पृष्ठभागावर कोरलेल्या खाचांमुळे सांभाळला जातो. तीच जाडी दुसऱ्या डिझाइनवर जशीच्या तशी उचलणे धोक्याचे.

ताण कमी करायचे काही मार्ग आहेत. जॉबवर हवेचे झोत मारून त्याचे तापमान आवरायचे, पण इतकेही नाही की पहिला थर पूर्ण अस्फटिक होईल. आधी टायटॅनियमचाच खडबडीत थर निर्वात किंवा आरगॉनच्या कक्षात फवारायचा आणि त्यावर सिरॅमिक द्यायचे. हा मार्ग आम्हाला सर्वांत भरवशाचा वाटतो. कारण लेपाला खोल खळगे मिळतात आणि लेप गेल्यावर हाडालाही तेच खळगे मिळतात. मध्ये टायटॅनियम ऑक्साइड किंवा झिर्कोनियाचा (झिर्कोनियम ऑक्साइडचा) थर देणे, किंवा प्रमाण हळूहळू बदलत नेणारा मिश्र लेप देणे हेही केले जाते. कागदावर ते फार छान दिसते. कारखान्यात मात्र प्रत्येक वाढीव थराबरोबर आणखी एक जोड येतो आणि तोही तपासावा लागतो.

फवारणीनंतर ६०० ते ७०० अंशांवर तासभर भाजले तर अस्फटिक भाग पुन्हा स्फटिक होतो आणि विरघळणे मंदावते. ऐकायला सोपे वाटते. पण स्फटिक होताना तो भाग आकसतो आणि नव्या भेगा पडू शकतात. हवेत तापमान वाढवत गेलात तर टायटॅनियमवर ऑक्साइड जाड होतो, ऑक्सिजन धातूत मुरतो, पृष्ठभाग ठिसूळ होतो आणि थकव्याने, म्हणजे पुन्हापुन्हा भार पडून, तुटण्याची शक्यता वाढते. निर्वातात भाजले तर ऑक्साइडचा प्रश्न सुटतो, पण गेलेला हायड्रॉक्सिल परत येत नाही. वाफेच्या सान्निध्यात कमी तापमानावर भाजणे हा मधला मार्ग. वाफ हायड्रॉक्सिल परत देते आणि धातूला फार तापावे लागत नाही. स्फटिकता शंभर टक्के करण्याचा हट्ट करू नये. पहिल्या काही आठवड्यांत थोडे कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटणे हाडाच्या वाढीला उपकारकच असते.

तपासणीच्या बाबतीत बातम्या आणि जाहिराती दोन्ही एकच आकडा देतात: चिकटण्याचे बळ. आयएसओ १३७७९ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या दुसऱ्या भागानुसार ते किमान १५ मेगापास्कल हवे आणि स्फटिकता किमान ४५ टक्के. २५ मिलिमीटर व्यासाच्या गोल तुकड्यावर १५ मेगापास्कल म्हणजे सुमारे ७,३६० न्यूटन, ढोबळमानाने साडेसातशे किलोची ओढ. तुकड्यावरच्या लेपाला दुसरा तुकडा गोंदाने चिकटवतात, भट्टीत गोंद पक्का करतात आणि यंत्रावर सरळ रेषेत ओढतात. आता यातली मेख पाहा. गोंद पातळ असेल तर तो सच्छिद्र लेपातून झिरपून खालच्या धातूलाच चिकटतो. मग यंत्र लेपाचे नव्हे, गोंदाचे बळ मोजते आणि आकडा झकास येतो. लेप जितका सच्छिद्र आणि पातळ तितकी ही फसवणूक मोठी. म्हणून पातळ द्रव गोंदाऐवजी पट्टीच्या स्वरूपातला गोंद वापरावा आणि तुटलेल्या तुकड्यांचा पृष्ठभाग भिंगाखाली पाहावा. धातू उघडा पडला असेल तर जोड तुटला, दोन्ही बाजूंना पांढरा लेप असेल तर लेप आतून फाटला, आणि सगळीकडे गोंद चकाकत असेल तर त्या चाचणीने लेपाविषयी 'याहून कमी नाही' एवढेच सांगितले. अहवालात आकड्याशेजारी हे लिहिलेले नसेल तर तो आकडा अर्धवट समजावा.

त्याहून मोठी उणीव म्हणजे ही चाचणी कोरड्या, ताज्या तुकड्यावर होते. रोपण आयुष्यभर ओले असते आणि प्रत्येक पावलाला वाकते. तोच तुकडा ३७ अंशांच्या कृत्रिम शरीरद्रवात काही आठवडे ठेवून ओढला तर बळ उतरलेले दिसते, कारण जोडालगतचा अस्फटिक थर आधी विरघळतो. किती उतरले यावरून लेपाची खरी लायकी कळते. ३० मेगापास्कलने सुरुवात करून महिन्याभरात निम्म्यावर येणाऱ्या लेपापेक्षा २२ वरून २० वर येणारा लेप आम्ही निवडू. थकव्याची चाचणीही लेपासहित दांड्यावर व्हायला हवी. ब्लास्टिंगच्या खाचा धातूचे थकवा-बळ कमी करतात आणि ते फक्त लेपाच्या तुकड्यावर कळत नाही.

लेपात कोणते स्फटिक आहेत ते दाखवणारा क्ष-किरण विवर्तनाचा आलेख मागून घेतला तर त्यातही बरेच वाचता येते. तांब्याच्या किरणांनी घेतलेल्या आलेखात हायड्रॉक्सिअॅपेटाइटची मुख्य शिखरे ३१.८, ३२.२ आणि ३२.९ अंशांवर येतात. ३०.७ वर शिखर असेल तर अल्फा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, ३१ वर असेल तर बीटा, ३७.४ च्या आसपास असेल तर चुना. शिखरांखाली पसरट उंचवटा दिसला तर तो अस्फटिक भागाचा. इन्फ्रारेडच्या आलेखात ३५७० आणि ६३० तरंगसंख्येवरच्या खुणा नाहीशा झाल्या असतील तर हायड्रॉक्सिल उडाला आहे. मात्र हे सगळे लेपाच्या वरच्या बाजूने पाहिले जाते. जोडालगतचे पाहायचे असेल तर लेप थराथराने घासून पुन्हापुन्हा आलेख घ्यावा लागतो. वेळखाऊ असते, पण नवी प्रक्रिया पक्की करताना एकदा तरी ते करावेच.

पर्यायी पद्धतींचे कौतुक बातम्यांत जास्त असते, म्हणून त्यांविषयी दोन शब्द. सोल-जेलमध्ये द्रवात बुडवून, वर काढून, ४०० ते ६०० अंशांवर भाजतात. आट्यांच्या तळाशीही लेप पोचतो, जाडी मात्र मायक्रॉनच्या आतबाहेर. एका फेरीत जाड थर दिला की वाळतानाच तडे जातात. विद्युत्-क्षेत्राने कण ओढून बसवण्याच्या पद्धतीत खोलीच्या तापमानाला सुंदर एकसारखा थर मिळतो, पण तो पक्का करायला भाजावेच लागते आणि मग आकसण्याचा तोच जुना प्रश्न उभा राहतो. जपानमध्ये कोकुबो यांनी रूढ केलेल्या पद्धतीत टायटॅनियम ५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ६० अंशांवर २४ तास ठेवतात, धुऊन ६०० अंशांवर तासभर तापवतात आणि मग शरीरद्रवासारख्या द्रावणात बुडवतात. पृष्ठभागावर अॅपेटाइट आपोआप वाढते. हे द्रावण बनवताना क्षारांचा क्रम पाळावा लागतो, आम्लता (पीएच) ३६.५ अंशांवर ७.४ ठेवावी लागते, आणि काचेऐवजी प्लास्टिकचे भांडे वापरावे लागते, कारण काचेच्या ओरखड्यांवरच अॅपेटाइट जमू लागते. द्रावण गढूळ झाले तर फेकून द्यावे. गाळून वापरू नये. आणि या द्रावणात अॅपेटाइट वाढले म्हणजे शरीरात हाड चिकटेलच असा निष्कर्ष काढू नये. बातम्यांत तो सर्रास काढलेला असतो.

जैवसक्रिय काचेचे तर आणखी वेगळे. लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये केलेली काच, वजनाने ४५ टक्के सिलिका, सोडियम आणि कॅल्शियमचे ऑक्साइड प्रत्येकी २४.५ आणि फॉस्फरस पेंटॉक्साइड ६ टक्के, हाडाशी उत्तम जुळते. पण तिचे प्रसरण टायटॅनियमच्या दीडपटीहून जास्त आहे, म्हणून ती थेट चढवली की थंड होताना तडकते. सिलिका वाढवली, सोडियमचा काही भाग पोटॅशियमने आणि कॅल्शियमचा मॅग्नेशियमने बदलला की प्रसरण धातूच्या जवळ येते. पण सिलिका ६० टक्क्यांच्या पुढे गेली की काच हाडाशी जुळेनाशी होते. शिवाय भाजणी टायटॅनियमच्या अंतर्गत रचना बदलण्याच्या तापमानाखालीच आणि थोड्याच वेळात उरकावी लागते, नाहीतर काच आणि धातू यांच्यात प्रक्रिया होऊन मध्ये ठिसूळ थर आणि बुडबुडे तयार होतात. खाली कमी प्रसरणाची काच आणि वर जास्त सक्रिय काच असे दोन थर देणे हा यातला समंजस तोडगा. धातूपेक्षा लेपाचे प्रसरण किंचित कमी ठेवले की थंड झाल्यावर लेप दाबात राहतो. दंतवैद्यकात धातूवर पोर्सेलीन चढवताना हेच तत्त्व कित्येक वर्षे वापरात आहे.

घासणाऱ्या पृष्ठभागांवरचे लेप काही मायक्रॉनचे असतात. त्यांची अडचण विरघळण्याची नाही. खालचा धातू मऊ असला आणि भाराखाली दबला की वरचा कडक पापुद्रा फुटतो, आणि सूक्ष्म छिद्रातून द्रव शिरला की जोडथर आतून गंजतो. हे गंजणे इतके सावकाश असते की काही आठवड्यांच्या चाचणीत दिसत नाही. झिर्कोनियम आणि अडीच टक्के नायोबियमच्या मिश्रधातूला हवेत तापवून त्याच्याच पृष्ठभागाचे सुमारे ५ मायक्रॉन झिर्कोनियात रूपांतर करणे, ही कल्पना म्हणूनच आम्हाला फार आवडते. तिथे लेप वरून चिकटवलेला नसतो, धातूतूनच उगवलेला असतो. पण तोही थर पातळच. शस्त्रक्रियेत गोळा धातूच्या कडेवर घासला किंवा नंतर निखळून आदळला तर ओरखडा खालपर्यंत जातो.

चांदी, जस्त, स्ट्राँशियम घातलेल्या लेपांविषयी एवढेच: जंतू मारण्याइतकी चांदी आणि हाडाच्या पेशींना अपाय करण्याइतकी चांदी यांच्यातले अंतर फार मोठे नाही. म्हणून लेपात किती आहे यापेक्षा पहिल्या दिवशी, पहिल्या आठवड्यात आणि महिन्याने किती सुटते याचा आलेख मागावा.

शेवटी लेप कारखान्यातून बाहेर पडल्यावरचे. निर्जंतुकीकरण सहसा गॅमा किरणांनी होते, २५ किलोग्रे. पाकीट फुटले म्हणून असे रोपण वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये घालून पुन्हा वापरणे चूक आहे, कारण वाफ आणि उष्णतेने अस्फटिक भाग बदलतो आणि लेप तपासला होता तसा राहत नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर लेपाचा भाग हातमोज्याने चोळू नये, रक्त लागले म्हणून घासून पुसू नये.

रुग्णालयांच्या खरेदी समित्यांनी निविदेत 'सिरॅमिक लेप असलेले' एवढेच लिहिण्याऐवजी प्रत्येक बॅचसाठी पुढील माहिती मागावी: लेपाची जाडी किमान, कमाल आणि कुठे मोजली ते, स्फटिकता, कॅल्शियम-फॉस्फरस गुणोत्तर, परके घटक, चिकटण्याचे बळ, त्यासोबत तुटण्याची जागा आणि गोंदाचा प्रकार, द्रवात ठेवल्यानंतरचे बळ, लेपाखालच्या धातूचा खडबडीतपणा आणि ब्लास्टिंगचा खडा. हे आकडे त्याच बॅचसोबत, त्याच गनखाली लेपलेल्या साक्षी-तुकड्याचे हवेत. प्रक्रियेला मान्यता मिळवताना केलेल्या जुन्या तुकड्यांचे नकोत. आणि पुन्हा शस्त्रक्रिया करून काढलेली रोपणे फेकून न देता, फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी त्यांची छायाचित्रे घेऊन, लेप कुठे उरला आणि कुठे गेला याची नोंद व्हावी. साध्या फॉर्मॅलिनची आम्लता हळूहळू वाढते आणि ती उरलासुरला कॅल्शियम फॉस्फेटही विरघळवते, म्हणून ते बफर केलेले असावे.

आपले,
रोपणांवरील लेपनाच्या क्षेत्रात काम करणारे काही अभियंते व तंत्रज्ञ